अर्धा कोयता

मागच्या दिवाळीत गावाहून पुण्याला परतताना आजीनं माझ्या बॅगेत शेव-चिवड्याच्या डब्याखाली एक जुना कोयता घालून दिला. जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला. म्हणाली, "हितं पडून गंजायलाय. ने तुज्याकडं. नारळ-बिरळ फोडायला व्हईल."

हिंजवडीजवळच्या फ्लॅटमध्ये बॅग उघडली तेव्हा माझा रूममेट दोन पावलं मागं सरकला. मग हसला. "भाई, गँग जॉईन केली का?" त्यानं माझा कोयता धरलेला फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. रात्री ऑफिसमधल्या एका सीनियरचा वेगळा मेसेज आला. 'तो फोटो डिलीट करायला सांग. उगाच कुणी पुढं पाठवला तर चौकीत बसावं लागेल.'

फोटो डिलीट झाला. कोयता ओट्याखालच्या कप्प्यात गेला. मला मात्र झोप लागेना. ज्या वस्तूवर माझ्या वडिलांची शाळा झाली, वडिलांच्या शाळेवर माझं इंजिनिअरिंग झालं, ती वस्तू माझ्या घरात मी लपवून ठेवत होतो.

माझे आजी-आजोबा ऊसतोड मजूर होते. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत आमचं गाव. दरवर्षी दसरा-दिवाळी उरकली की अर्धं गाव कारखान्यावर जायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. पण आजीचं एक वाक्य मी नेहमी गंमत म्हणून ऐकलं होतं. ती म्हणायची, "आमी दोगं मिळून येक कोयता." त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, हे गमतीचं वाक्य नसावं. हा हिशेब असावा.

वस्तू

आधी वस्तूकडे बघू. विळा आणि कोयता यांत शहरातली माणसं घोळ करतात, पण दोन्हींचं काम वेगळं आहे. विळा पातळ असतो, त्याला मोठा वळसा असतो. गवत किंवा ज्वारीची ताटं मुठीत धरायची आणि विळा आपल्याकडे ओढायचा. तो ओढून कापतो. कोयता जाड आणि वजनदार असतो. त्याचा भार पुढच्या बाजूला, टोकाकडे असतो. तो उचलून मारायचा असतो. आदळून तोडतो.

मराठीनं हा फरक शब्दांतच धरून ठेवलाय. भाताची कापणी होते, उसाची तोड होते. 'ऊसकापणी' असं बोलताना मी कुणालाही ऐकलेलं नाही.

कोयता घडी होत नाही. त्यात बिजागरी नाही, स्क्रू नाही, स्प्रिंग नाही. पातं एकसंध, त्याचं शेपूट थेट लाकडी मुठीत गेलेलं. दिवसात हजारो घाव घालायचे तर सांधा जितका कमी तितकं बरं. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, की यंत्र बहुतेक वेळा जोडावर मोडतं. कोयत्याला तो प्रश्नच ठेवलेला नाही.

पातं येतं कुठून? आमच्याकडचे बरेच कोयते ट्रकच्या कमानपाट्यापासून बनलेले. ट्रकचं वजन झेलणारा पाटा तुटला की भंगारात जातो आणि तिथून लोहाराच्या भट्टीत. या स्प्रिंगच्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. साध्या लोखंडाच्या सळईत तो बराच कमी असतो, म्हणून सळईची धार टिकत नाही. कार्बन असलं की पोलाद तापवून एकदम गार करता येतं आणि ते कडक होतं. आपल्याकडे त्याला 'पाणी पाजणं' म्हणतात. पण सगळं पातं कडक केलं तर ते काचेसारखं तडकेल. म्हणून धारेकडचा भाग कडक आणि पाठीकडचा भाग चिवट राहील असं पाणी पाजायचं. लोहार हे तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून ओळखतो.

घिसाडी समाजाचे लोक सुगीच्या आधी गावोगाव फिरत यायचे. रस्त्याच्या कडेला पाल, शेजारी भाता आणि ऐरण. नवरा सांडशीत लोखंड धरून बसलेला आणि बायको उभी राहून घण मारतेय, हे दृश्य माझ्या वयाच्या खेड्यातल्या पोरांनी नक्की पाहिलं असेल. लोखंड धरणारा एक, घाव घालणारी एक. एकट्या माणसाला ते काम होत नाही. कोयता जन्मतो तोच दोघांच्या हातून, असं म्हटलं तरी चालेल.

घाई कुणाची?

आता उसाकडे बघू. पुढचं सगळं उसाच्या एका स्वभावावरून ठरतं.

पक्व उसात साखर बुडख्याकडे जास्त असते, शेंड्याकडे कमी. म्हणून ऊस अगदी जमिनीलगत तोडावा लागतो. चार बोटं वर तोडला तर सगळ्यात गोड भाग शेतात राहतो. शिवाय पुढच्या वर्षीच्या खोडव्याला जमिनीच्या आतले डोळे चांगले फुटतात, वर राहिलेल्या ठोंबाचे कमजोर फुटतात. थोडक्यात, तोडणाऱ्याला प्रत्येक उसापुढे कमरेत वाकावंच लागतं. डाव्या हातात ऊस, उजव्या हातात कोयता. बुडात एक घाव, मग पाचट सोलायचं, मग शेंड्याचं वाढं उडवायचं, मग ऊस बाजूला टाकायचा. लगेच पुढचा.

ऊस तुटला की घड्याळ सुरू होतं. तुटलेल्या उसातली साखर हळूहळू ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडायला लागते आणि त्यांचे स्फटिक होत नाहीत. कारखान्याला हवी असते ती स्फटिक होणारी साखर. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गाळला जावा लागतो. गोदामात गहू ठेवता येतो, ऊस ठेवता येत नाही. आणि एकदा हंगामाला पेटलेला कारखाना रात्रंदिवस चालतो. गव्हाण रिकामी राहिली तर नुकसान.

याचा अर्थ काय होतो? कारखान्याला पुरेसा ऊस लागतोच, पण तो रोज, ठरलेल्या वेळी, न चुकता लागतो. रात्री दोनला ट्रक आला तर रात्री दोनला भरावा लागतो. म्हणजे ऊस तोडणारी माणसं शेताच्या शेजारीच राहायला हवीत आणि हाक मारली की उठायला हवीत.

टोळी

ऊस महाराष्ट्रात जुनाच. पण पूर्वी तो गुऱ्हाळात जायचा. गुऱ्हाळाला दिवसाला थोडाच ऊस लागतो, तो गावातलीच माणसं तोडायची. चित्र बदललं ते कालव्यांनी आणि कारखान्यांनी. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झालं आणि प्रवरेच्या खोऱ्यात बारमाही पाणी आलं. १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली, त्यानंतर देशात साखर कारखाने भराभर उभे राहिले. वालचंदनगर आणि माळीनगर ही नावं त्याच दशकातली. मग १९५० साली प्रवरेकाठी, लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. पुढच्या तीन-चार दशकांत त्या नमुन्यावर राज्यभर कारखाने झाले.

ही गोष्ट आपण शाळेत शिकतो आणि ती अभिमानाचीच आहे. शेतकरी मालक झाला. पण त्या गोष्टीत ऊस आपोआप तुटून गव्हाणीत पडतो.

एक साधा हिशेब करून बघू. सहकारी कारखाने वाढत होते त्या काळात दिवसाला १२५० टन गाळपाचा कारखाना ही नेहमीची क्षमता होती. नवरा-बायकोची जोडी दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडून, बांधून, भरून देते. दीड टन धरला तर एका कारखान्याला रोज आठशेच्या वर जोड्या लागतात. रोज, सहा महिने. आज राज्यात हंगामाला दोनशेच्या आसपास कारखाने चालतात आणि त्यांची क्षमता तेव्हाच्या कितीतरी पट आहे.

एवढी माणसं आली ती पाऊस न पडणाऱ्या भागातून. बीडमधले धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी, शेजारचा पाथर्डी तालुका, तिकडे खानदेशातले काही तालुके. १९७२ च्या दुष्काळानं ही वाट रुंद केली. आजोबांचं लग्न त्या दुष्काळानंतर झालं. सासरी आल्यावर पहिल्याच दिवाळीनंतर आजी बैलगाडीत बसून कारखान्यावर गेली. कोपी म्हणजे काय हे तिला तिथं पोचल्यावर कळलं. बांबूच्या कामट्या, वर पाचट किंवा चटई, आत वाकून शिरायचं. माझे वडील अशाच एका कोपीत जन्मले.

मजूर कारखान्याशी थेट बांधलेला नसतो. मध्ये मुकादम असतो. पावसाळ्यात घरात दाणे संपलेले असतात तेव्हा मुकादम 'उचल' देतो. ही रक्कम आज जोडीमागे पन्नास हजारांपासून लाखाच्या वर जाते. मग हंगामभर तोडलेल्या टनांतून ती फेडायची. न फिटलेली पुढच्या हंगामावर जाते. कारखाना म्हणतो मजूर आमचे नाहीत, वाहतूकदाराचे आहेत. वाहतूकदार म्हणतो मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणतो मी फक्त पैसे पोचवतो.

डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या ऊसपट्ट्यात काम केलं. तिथं खानदेशातले मजूर तोडीला जायचे. ब्रेमन यांना प्रश्न पडला, की बारडोलीत भूमिहीन मजूर रिकामे बसलेले असताना कारखाना एवढ्या लांबून माणसं का आणतो? त्यांचं उत्तर असं, की गावातला मजूर संध्याकाळी घरी जातो, आजारी पडला तर घरी थांबतो, पटलं नाही तर दुसरं काम शोधतो. उचल घेऊन परमुलखात आलेला मजूर यातलं काहीच करू शकत नाही. त्यांच्या लेखनात कामाच्या एककासाठी तोच शब्द येतो जो माझी आजी वापरते. कोयता.

एकक

इथं थांबून आजीचं वाक्य पुन्हा वाचू. 'आमी दोगं मिळून येक कोयता.'

मुकादम कारखान्याशी करार करतो तो कोयत्यांचा. 'माझ्याकडं वीस कोयते हायेत,' म्हणजे चाळीस माणसं. उचल दिली जाते ती कोयत्याला. हिशेब होतो तो कोयत्याचा. एकटा पुरुष किंवा एकटी बाई आली तर ती 'अर्धा कोयता'. अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा नाखूश असतो, कारण काम खरंच जोडीचं आहे. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून फळीवर चढत ट्रकमध्ये टाकायच्या. आमच्या भागात पोरांची लग्नं लवकर का उरकतात, याची जी अनेक कारणं आहेत त्यातलं एक हे. लग्न झालं की अर्ध्याचा एक होतो.

अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये कॉलिन्स नावाची एक कंपनी होती. तिचे ऊसतोडीचे सुरे लॅटिन अमेरिकेत इतके खपले, की तिकडे काही भागांत त्या सुऱ्यालाच लोक 'कॉलिन्स' म्हणू लागले. बनवणाऱ्याचं नाव वस्तूला मिळालं. आपल्याकडे उलटं झालं, वस्तूचं नाव माणसांना मिळालं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, आमच्या ऑफिसातही माणसांना 'रिसोर्स' म्हणतात. खरंय. मी स्वतः एका प्रोजेक्टवर 'झिरो पॉइंट फाइव्ह' आहे, म्हणजे अर्धा रिसोर्स. एक्सेल शीटमध्ये माझी किंमत अर्धी दिसते. पण महिन्याच्या शेवटी पगार पूर्ण येतो आणि तो माझ्या खात्यात येतो. माझ्या नावावर पीएफ आहे. मी आजारी पडलो तर सिक लीव्ह आहे.

कोयत्यात दोन माणसांचं एक होताना जे माणूस नाहीसं होतं ते बहुतेक वेळा बाई असते. पैसे नवऱ्याच्या हातात, अंगठा नवऱ्याचा, नाव नवऱ्याचं. पहाटे चारला उठून भाकरी थापायच्या, मग दिवसभर मोळ्या, मग पुन्हा चूल. एक दिवस काम चुकलं तर 'खाडा', आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत शेतात ना आडोसा ना पाणी. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. राज्य सरकारनं नेमलेल्या समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणाचे आकडे असे होते: ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. म्हणजे दर सहा बायकांत एक. मी ही बातमी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर मोबाईलमध्ये वाचली होती. वाचून आजीला फोन केला आणि काही विचारायचं धाडस न झाल्यामुळे पाऊसपाण्याचं बोलून ठेवून दिला.

जानेवारी २०२४ मध्ये संपाच्या इशाऱ्यांनंतर तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. टनाला सुमारे ३६६ रुपये. वर सांगितलेल्या दीड-दोन टनांनी गुणून बघा. साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये, रोजचे, दोघांचे मिळून.

हत्यार

मराठीत 'हत्यार' या शब्दाला दोन अर्थ आहेत. सुताराचा रंधा-पटाशी हीसुद्धा त्याची हत्यारं आणि मारामारीत वापरतात तेही हत्यार. खंडेनवमीला आमच्या घरी कोयता, कुऱ्हाड, खुरपं धुऊन, हळदकुंकू लावून मांडून ठेवतात. आता माझा लॅपटॉपही त्या रांगेत बसतो. काम देणाऱ्या वस्तूला नमस्कार करायचा, एवढाच त्यातला भाव.

पण ऊस तोडणारं पातं माणसालाही तोडू शकतं, हे जगात सगळीकडे लक्षात आलेलं आहे. ऑक्टोबर १८६८ मध्ये क्युबात कार्लोस मान्वेल दे सेस्पेदेस या मळेमालकानं आपल्या साखरेच्या मळ्यावरच्या गुलामांना मोकळं केलं आणि स्पेनविरुद्ध बंड पुकारलं. बंडखोरांकडे बंदुका थोड्या होत्या. माचेटे, म्हणजे त्यांचा कोयता, मात्र होता. पुढच्या काही आठवड्यांत त्याच माचेटेनं त्यांनी स्पॅनिश सैन्यावर हल्ले चढवले. क्युबाच्या इतिहासात आज ते शौर्याचं चिन्ह आहे.

कॅरिबियन बेटांवर इंग्रजी बोलणारे लोक ऊसतोडीच्या सुऱ्याला 'कटलास' म्हणतात. हे मुळात खलाशांच्या तलवारीचं नाव. म्हणजे तिथं शस्त्राचं नाव अवजाराला मिळालं. मॉरिशसमध्ये १८३४ नंतर गुलामांच्या जागी हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर नेले, त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आणि देशावरचे मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तिथं मराठी सांभाळून आहेत. करारावर अंगठा, आगाऊ रक्कम, परमुलूख आणि ऊस. आमच्या आजोबांच्या कितीतरी आधी मराठी माणसानं ही सगळी वाट एकदा चालून झाली होती.

राज्यकर्त्यांना पात्याची भीती कायम वाटत आली. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा केला, त्यात बंदुकीबरोबर तलवारी, खंजीर, भाले, इतकंच काय, धनुष्यबाणही आले. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. त्यात धारदार शस्त्रं आहेतच, पण केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांच्या सुऱ्यांचा उल्लेख आहे, पण तिथंही घर, शेती, शास्त्रीय काम आणि उद्योग यांसाठी बनवलेल्यांना वगळलं आहे. म्हणजे कायदा पात्याची लांबी मोजतोच, पण त्याआधी एक शहाणा प्रश्न विचारतो. हे कशासाठी बनवलंय?

२०२२ च्या शेवटी पुण्यात हाच प्रश्न अवघड झाला. कोयते घेऊन दुकानं फोडणारी, गाड्यांच्या काचा फोडणारी, लोकांवर वार करणारी पोरं. वर्तमानपत्रांनी नाव दिलं 'कोयता गँग'. त्यात कितीतरी जण अल्पवयीन होते. जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांनी विक्रेत्यांना सांगितलं, की कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघून नोंद ठेवा. ज्यांच्यावर वार झाले त्यांची भीती खरी होती, पोलिसांना काहीतरी करणं भाग होतं. त्यांना मी नावं ठेवत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. पन्नासहून जास्त वर्षं 'कोयता' हा शब्द लाखो मजुरांच्या कपाळावर होता तेव्हा तो शहराच्या कानावर फारसा आला नाही. त्याच कोयत्यानं तोडलेल्या उसाची साखर रोज चहात पडत होती, तरीही. शहरात आला तो एकदम गँग बनून. आज इन्स्टावर हा शब्द टाकून बघा, काय दिसतं ते. आणि गंमत अशी, की दोन्हीकडे माणूस गायबच आहे. तिकडे दोघांचा मिळून एक कोयता होतो, इकडे पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचा 'कोयता गँग' होतो. ते पोरगं कुठून आलं, शाळा कितवीत सुटली, हे विचारायला बातमीत जागा नसते.

वही

आता यंत्रं येताहेत. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदानाची योजना काढली. मोठं यंत्र कोटीच्या घरात जातं आणि ते कितीतरी कोयत्यांचं काम करतं. त्याला पाळी येत नाही, ते खाडा करत नाही, त्याला उचल द्यावी लागत नाही. कोयता सुटणार ही चांगलीच गोष्ट आहे, मी तरी त्या कामाचे गोडवे गाणार नाही. पण कोयता सुटल्यावर त्या दोन माणसांनी काय धरायचं, याचं उत्तर कुठल्याच योजनेत मला नीट सापडलेलं नाही. सरकारचं ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ आहे, ओळखपत्रं द्यायला सुरुवात झाली आहे. चांगलं आहे. पण ज्यांचं नाव कुठं लिहिलेलंच नाही त्यांनी इतकी वर्षं तोड केली हे सिद्ध कसं करायचं?

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो आजीमुळे. संक्रांतीला मी पुन्हा गावी गेलो आणि तिला विचारलं, "आजी, तू किती वर्षं गेलीस तोडीला?"

ती बोटं मोजू लागली. "तुजा बाप पोटात व्हता तवापासनं. मंग तुजी आत्या झाली त्या साली न्हाय... न्हाय, त्या सालीबी गेलतो. बावीस आसतील."

"कुठं लिहिलेलं आहे का?"

तिनं पत्र्याची पेटी उघडली. आजोबा लिहिणारे नव्हते, पण एका मुकादमाची जुनी वही का कुणास ठाऊक आमच्याकडे राहिली होती. लाल कापडी बांधणी, पानं पिवळी. प्रत्येक पानावर नावं, पुढं उचलीचा आकडा, त्यापुढं कोयते. आजोबांचं नाव तीन हंगामांत सापडलं. पुढं '१'. आजीचं नाव कुठंच नव्हतं. कुठल्याच बाईचं नव्हतं.

चौथ्या हंगामात आजोबांच्या नावापुढं वेगळंच काही लिहिलेलं. शून्य आणि दोन उभ्या रेघा. ०॥. मला वाटलं खाडाखोड असेल. वडिलांनी सांगितलं, जुन्या हिशेबात अर्धा असा लिहायचे.

"त्या साली ह्यांला कावीळ झालती," आजी म्हणाली. "घरीच व्हते. मी येकलीच गेलते. तुज्या आत्याला पाठीला बांदून."

म्हणजे त्या वर्षीची सगळी तोड तिची, सगळ्या मोळ्या तिच्या. वहीत मात्र नाव आजोबांचं आणि पुढं अर्धा.

मी पानाचा फोटो काढला. पुण्याला आल्यावर ओट्याखालच्या कप्प्यातून कोयता बाहेर काढला, खोबरेल लावून गंज पुसला आणि स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. रूममेटनं विचारलं, "कुणाचा आहे रे हा?"

मी त्याला आजीचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, आडनावासकट.